रास्त शिकार

माझ्या सत्तरीला मुलीने मला हरीण द्यायचं ठरवलं. पाळायला नव्हे, मारायला. शाल नको, नारळ नको, गोतावळ्याला जेवण नको. आफ्रिकेत यायचं, बंदूक धरायची आणि एक हरीण पाडायचं. ती जोहान्सबर्गला एका खाणीच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. तिच्या ऑफिसातले लोक थंडीच्या दिवसांत रजा काढून शिकारीला जातात आणि आपण पाहुण्याच्या लग्नाला जाऊन आलो हे जितक्या सहज सांगतो, तितक्या सहज येऊन सांगतात. त्यांच्यातल्या कोणाला तरी ती बोलून गेली, "माझे वडील शिकारी होते." झालं. एका रविवारी माझ्या मोबाईलवर दोन इंग्रजी माहितीपत्रकं येऊन पडली आणि खाली तिचा मजकूर: "अण्णा, एक कुंपणातली शिकार आहे, एक मोकळ्या रानातली. नीट वाचा आणि कोणती ते तुम्हीच ठरवा. खर्चाचं विचारायचं नाही."

हे शिकारी प्रकरण आधीच उलगडून टाकतो, नाहीतर वाचणारा मला भलताच कोणी समजेल. मी तहसील कार्यालयातला निवृत्त अव्वल कारकून. चारठाण्याच्या शिवारात वडिलांची थोडी जमीन होती, ती माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर एक ठासणीची बंदूक आली. परवाना पीक संरक्षणाचा. नळीत दारू ठासायची, वरून चिंधी कोंबायची आणि आभाळाकडे तोंड करून बार काढायचा. छर्रे आम्ही कधी भरलेच नाहीत. आवाज झाला की हरणांचा कळप उधळायचा, दोन वावरं ओलांडायचा आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरायचा. मग शेजारी बार काढायचा आणि कळप आमच्याकडे परत. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, निकालानंतर ती परत मिळे. हरणांना आचारसंहिता बरोबर कळते, असं वडील म्हणायचे.

मुलगी शाळेत असताना रविवारी माझ्याबरोबर राखणीला यायची. एकदा मी बार काढला आणि कळपातलं एक काळवीट ओढ्याच्या काठाला अडखळून पडलं. तिने ते पडताना पाहिलं आणि घाबरून तोंड माझ्या सदऱ्यात खुपसलं. काळवीट लगेच उठलं आणि पळालं. तिने मान वर काढली तेव्हा रान रिकामं होतं. सोमवारी शाळेत तिने सगळ्यांना सांगितलं की अण्णांनी काळवीट मारलं. दोन दिवसांनी तिच्या मास्तरांनी मला बसस्टँडवर गाठून हळूच विचारलं, तेव्हा मला दरदरून घाम फुटला, कारण आपल्याकडे काळविटाला हात लावला तर नोकरी जाते आणि पाठोपाठ माणूसही आत जातो. मास्तरांना मी खरं काय ते सांगितलं. मुलीला मात्र सांगितलं नाही. कारकुनाला जगात कोणी शूर समजत नाही. घरात एक जण समजत असेल तर आपण होऊन ते कशाला खोडायचं?

तर ती बंदूक मी केव्हाच सरकारजमा केली. जमीन बटईने दिली. बायको जाऊन चार वर्षं झाली. आता जिंतूरच्या घरात मी एकटा असतो. एकटा म्हणजे किती एकटा ते चहावरून सांगतो. घरातलं सगळ्यात लहान पातेलंसुद्धा दोन कपांचं आहे. एका कपाचा चहा त्यात तळाला लागतो आणि करपतो. म्हणून मी रोज दोन कप करतो आणि दोन्ही पितो. नवीन पातेलं आणता येईल, दुकान काही लांब नाही. पण एका कपाचं पातेलं आणायला माझे पाय अजून त्या दुकानाकडे वळलेले नाहीत.

मुलीचा फोन दर रविवारी अकराला येतो. तिकडे तेव्हा साडेसात वाजलेले असतात. ती मोबाईल ओट्यावर कशाला तरी टेकवून ठेवते आणि आठवडाभराच्या डब्यांची तयारी करत बोलते, त्यामुळे मला बहुतेक वेळ तिच्या स्वयंपाकघराचं छत दिसतं. अधूनमधून हात दिसतो, केस दिसतात. वीस मिनिटांत माझी तब्येत, गोळ्या, कामवाली, पाणी आलं का, एवढं आटोपतं. नऊ वर्षांत तिने मला "या, या" असं शंभरदा म्हटलं असेल. मी गेलो नाही. ती आणि जावई सकाळी सातला, आठला बाहेर पडतात, दिवेलागणीला येतात. मी तिला एकदा तोडून बोललो होतो, "एकटं बसायला मला माझं घर आहे. त्यासाठी विमानात कशाला बसू?" त्यानंतर बरेच महिने तिने विषय काढला नाही. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

म्हणून ही शिकार आली तेव्हा मी आधी फणफणलो आणि मग बसलो वाचायला. इंग्रजी मला कागदापुरतं येतं. शब्दकोश काढला. हरीण, काळवीट, नीलगाय, चिंकारा, सगळ्यांना मिळून तिकडे एकच शब्द. माहितीपत्रकात मात्र वीस जातींचे फोटो, आणि प्रत्येक जनावर असं उभं, जणू ओळखपत्रासाठी फोटो काढून घेतंय.

पहिल्या पत्रकातलं रान चार हजार हेक्टरांचं. म्हणजे आमच्या तालुक्यातली पाच-सात गावं शिवारासकट आत बसतील. भोवती दीड पुरुष उंच तारेचं कुंपण. जनावर दिसणारच, पडणारच, हमी आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. दुसरं रान डोंगराळ. कुंपण नाही, हमी नाही, रोज पहाटे निघून दहा-बारा किलोमीटर चाल, तंबूत मुक्काम, आठ दिवस. त्यातल्या एका वाक्यापाशी मी बराच अडलो. त्या लोकांचं म्हणणं असं, की ज्या पाठलागात जनावराला निसटून जायची खरी संधी असते, तोच पाठलाग योग्य. त्याला त्यांचा एक ठरलेला शब्द आहे. मी 'न्याय्य' लिहून पाहिलं, पटलं नाही. मग हात आपोआप पुरवठा शाखेच्या सवयीने चालला आणि मी लिहिलं 'रास्त'. रास्त भाव दुकान, तशी रास्त शिकार. एकटाच असून मोठ्याने हसलो.

लिहिलं म्हणजे टिपणीच लिहिली. आम्हा कारकुनांचं असंच असतं. समोर दोन गोष्टी आल्या आणि एक निवडायची म्हटली, की डोकं चालत नाही, टिपणी चालते. फुलस्केप कागद घेतला, डावीकडे समास सोडला. विषय: कुंपणातील शिकार व मोकळ्या रानातील शिकार यांपैकी एकीची निवड करणेबाबत. मग रकाने. रानाचे क्षेत्र. हमी. चाल. मुक्काम. जनावरास निसटण्याची संधी. साहेबांपुढे ठेवायला साहेब नव्हता, तरी शेवटी 'मान्यतेस्तव सादर' लिहायला जागा ठेवली.

एक रकाना अवघड गेला. दोन्हीकडे अशी सोय होती, की बंदूक न धरणारा एक माणूस बरोबर येऊ शकतो. त्याला बंदूक मिळत नाही, जेवण मिळतं. शब्दकोशात त्याला 'निरीक्षक' म्हटलं होतं. निरीक्षक म्हटला की मला गोदाम तपासायला आलेला माणूस दिसतो. तो खोडला आणि लिहिलं 'सोबती'.

त्याच आठवड्यात बटईदार आला. माझी जमीन तोच कसतो, आणि लगतचं रान त्याचं स्वतःचं आहे. ताज्या हरभऱ्याचे डहाळे घेऊन आला होता. मी कागदात डोकं घातलेलं पाहून म्हणाला, "काय लिहायलात भाऊसाहेब? पुन्हा नोकरी लागली का काय?"

मी सांगितलं. दोन्ही पत्रकांतले फोटो दाखवले. तो कुंपणाच्या फोटोपाशी थांबला.

"म्हंजे आपल्याकडं हरीण भाईर ठिवायला कुंपन, अन् तिकडं आत ठिवायला?"

"तसंच."

"अन् आत सोडलेलं हरीण मारायचं?" तो डहाळा सोलत विचार करायला लागला. "न्हाई भाऊसाहेब. कोंडवाड्यात जाऊन बैल पकडल्यावानी झालं ते. तेला काय शिकार म्हनायची?"

मी म्हटलं, "अरे, चार हजार हेक्टरांचा कोंडवाडा आहे. त्या हरणाला जन्मात कुंपण दिसत नसेल."

"दिसत नसंल. पन हाय की."

मी वाद घातला, वाद घालणं मला आवडतं. म्हटलं, मी तरी तालुक्याबाहेर किती गेलो? शिक्षण इथलं, नोकरी इथली, लग्न इथलं, बदली झाली तीसुद्धा फिरून जिल्ह्यातच. मला कुठे कोणी तार दाखवली? त्यावर तो हसला आणि म्हणाला, "तुमच्यावर कुनी बंदूक धरली न्हाई म्हनून." या माणसाला चौथीनंतर शाळा सुटली याचं मला नेहमी नवल वाटतं.

तो गेल्यावर मी टिपणी पूर्ण करायला बसलो. जनावराच्या बाजूने पाहिलं तर मोकळं रान रास्त. गुडघ्यांच्या बाजूने पाहिलं तर कुंपण रास्त. दोन्हीकडे समान वजन, निर्णय होईना. मग शेवटचा रकाना भरला. कालावधी. पहिलीकडे लिहिलं एक दिवस, दुसरीकडे आठ दिवस. आणि ते दोन आकडे शेजारी शेजारी पाहताना पेन थांबलं.

आठ दिवस. तंबू, पहाटेची चाल, संध्याकाळी शेकोटी. तिथे ओटा नाही, डबा नाही, ऑफिस नाही, मोबाईलला रेंज नाही असं पत्रकातच लिहिलेलं. आणि सोबती म्हणून एक माणूस. आठ दिवस मुलगी माझ्या शेजारून चालणार. मी तिला तिची आई शेवटच्या महिन्यात काय काय बोलली ते सांगणार, जे वीस मिनिटांत, छताकडे बघत सांगता येत नाही. ती मला तिचं काही सांगेल. मूलबाळ नाही त्याचं काय ते मी कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. हरणाचं मला काही पडलं नव्हतं. हरीण दिसलंच नाही तर आणखी बरं, आठाचे नऊ होतील.

अभिप्राय लिहिला: जनावरास निसटण्याची पुरेशी संधी असणे हे रास्त शिकारीचे मूळ तत्त्व असल्याने मोकळ्या रानातील शिकारीस मान्यता देणे उचित राहील. आयुष्यात मी पुष्कळ टिपण्या लिहिल्या, पण खरं कारण इतक्या सफाईने झाकलेली दुसरी लिहिली नसेल. कागदाचा फोटो काढला, पाठवला आणि खाली लिहिलं, "सोबतीचा रकाना रिकामा ठेवला आहे."

अर्ध्या तासाने तिचं उत्तर आलं. "अण्णा, भारी टिपणी! ऑफिसात सगळ्यांना इंग्रजीत करून सांगते. मोकळंच रान घेऊ. चला, मी येते."

मी येते. तीन वेळा वाचलं. मग सोबतीच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मुलगी'.

पुढचे तीन आठवडे मी पोरासारखा वागलो, हे कबूल करायला हरकत नाही. रोज सकाळी गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत चालायला लागलो. पहिल्या आठवड्यात गुडघे बोलायला लागले, दुसऱ्या आठवड्यात गप्प बसले. शिंप्याकडे जाऊन मातकट रंगाच्या दोन पँटी शिवायला टाकल्या, मांडीवर खिसे असलेल्या. शिंपी म्हणाला, "आता या वयात पोलिसात भरती का?" मी म्हटलं, "लेकीबरोबर डोंगर चढायला जायलोय, आठ दिवस." एवढं सांगायची गरज नव्हती. पण मी ते औषधाच्या दुकानात सांगितलं, पोस्टात सांगितलं, ताडकळसच्या मेव्हण्याला मुद्दाम फोन करून सांगितलं. त्याच्याशी माझं सहा महिने बोलणं नव्हतं. बोलायचं काय काय, तेही मी ठरवायला लागलो. चालताना एकेक विषय सुचायचा, घरी येऊन कागदावर टिपून ठेवायचो. कागदाची एक बाजू भरली. रविवारच्या फोनवर मात्र यातलं काही काढलं नाही, सगळं डोंगरासाठी राखून ठेवलं.

मग तो रविवार. अकराला फोन आला, नेहमीचं छत दिसलं. ती खुशीत होती.

"अण्णा, बुकिंग झालं बरं का. तिथला वाटाड्या फार चांगला माणूस आहे, मी स्वतः बोलले. आठ दिवस तुम्हाला घरच्यासारखं सांभाळेन म्हणाला. वरण-भाताचंही सांगितलंय."

"आपल्या दोघांचा तंबू एकच का वेगवेगळे?" मी विचारलं.

"दोघांचा म्हणजे? त्याचा वेगळाच असणार ना."

"त्याचा नाही गं. तुझा."

चिरण्याचा आवाज थांबला. छत हललं आणि तिचा चेहरा आला. "मी कुठे येतेय, अण्णा? मला आठ दिवस रजा कोण देतंय? वर्षअखेर आहे आमची. मी सोडायला येईन आणि न्यायला येईन."

"तू लिहिलं होतंस ना."

"काय?"

"येते म्हणून. चला, मी येते."

तिने मोबाईलवर मागे जाऊन शोधलं असावं, कारण पडदा काळा झाला. परत आली तेव्हा तिला हसावं की काय करावं ते कळत नव्हतं. "अहो अण्णा, ते निघताना म्हणतो ते येते. मीटिंग होती, म्हणून लिहिलं. मग काय, जाते म्हणू? आई किती रागे भरली असती."

मी म्हटलं, "हो, खरंच की. माझ्या ध्यानात आलं नाही," आणि गोळ्यांचा विषय काढला. वीस मिनिटं होण्याआधीच मी फोन ठेवला.

ती म्हणाली त्यात काही चूक नव्हतं. घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं. तिच्या आईने हे तिला चापट्या मारून शिकवलं होतं. ती पहिल्यांदा तिकडे निघाली तेव्हा परभणी स्टेशनवर डब्याच्या दारात उभी राहून रडत रडत "जाते गं आई" म्हणून गेली, तेव्हा तिच्या आईने गाडी हलत असताना तिच्याकडून "येते" म्हणवून घेतलं होतं. नऊ वर्षं परमुलखात राहून पोरगी तो शब्द विसरली नाही, याचा कोणत्याही बापाला अभिमान वाटला असता. मला राग आला. तिचा नाही, त्या शब्दाचा. जाणाऱ्याने येतो म्हणायचं आणि राहणाऱ्याने ते खरं मानायचं, असली कसली भाषा? मी घरातून बाहेर पडताना अजून दाराशी "येतो गं" म्हणतो. आत कोणी नसतं. त्या दिवशी मी बाहेर पडलो तेव्हा काहीच म्हटलं नाही, नुसतं कुलूप लावलं.

टेकडीकडे गेलो नाही. शिंप्याच्या गल्लीतून जायचं टाळलं. विषयांचा तो कागद मी घडी घालून पंचांगात ठेवला, कारण फाडवेना आणि समोर ठेववेना. आठ दिवस आफ्रिकेच्या डोंगरात एका अनोळखी वाटाड्यामागून चालायचं, त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. म्हणजे इथे जे एकटेपण आहे तेच, फक्त पायाला फोड जास्त.

गुरुवारी एसटीने चारठाण्याला उतरलो आणि शेतावर गेलो. बटईदाराने आधी स्वतःच्या आणि मग माझ्याही रानाभोवती झटका मशीन लावलं होतं. सोलरवर चालतं, तारेला शिवलं की जनावराला झटका बसतो, मरत नाही. त्याच्या रानात हरभरा कसा भरला होता! माझ्या वावरात, जिथे तार उशिरा आली, शेंडे आधीच खुडलेले. मी म्हटलं, "बरं केलंस. सुटलास राखणीतून."

तो बांधावर बसला होता.

"सुटलो खरं. पन एक सांगू का भाऊसाहेब? करमंना झालंय. राखनीला म्हनून थोरला भाऊ यायचा संगं. वाटन्या झाल्यापासून आमचं तसं बोलनं न्हाई, तुमाला ठावंच हाय. पन हरनं दोघाच्याबी रानात यायची, मंग दोघं बसायचो हितं. आता तेच्याबी रानाला तार अन् माझ्याबी. म्हनलं, ये की बसायला. तर म्हनला, कशाला? हरनं तर येत न्हाईत."

"मग नुसताच बोलव."

"नुसतं कसं बोलवावं?" तो खरंच मला विचारत होता. "कायतरी निमित्त लागतंय की."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी तेच घोळवत होतो. मला इतके दिवस वाटत होतं, प्रश्न कुंपणाचा आहे. जनावराला निसटता येतं की नाही, कोणती शिकार रास्त. पानभर लिहिलं मी त्यावर. आणि हा माणूस हरभऱ्याच्या बांधावर बसून सांगत होता की हरीण गेलं की दोन सख्ख्या भावांना शेजारी बसायला कारण उरत नाही.

घरी आलो, हातपाय धुतले आणि गुरुवार असूनही मुलीला फोन लावला. तिकडे ऑफिसची वेळ. तिने पहिल्या घंटीला उचलला आणि आवाज चिरकला, "अण्णा? काय झालं? बरं आहे ना?" वार सोडून आलेला फोन म्हणजे वाईट बातमी, ही तिची समजूत आईच्या वेळेपासूनची आहे. मी म्हटलं, काही नाही झालं, टिपणी बदलायची आहे. ती कुठल्यातरी जिन्यात येऊन उभी राहिली. या वेळी मला छत नाही, तिचा पूर्ण चेहरा दिसला. डोळ्यांखाली काळं आलं होतं. थोडी जाड झाली होती. आईसारखी दिसायला लागली होती.

"कुंपणातली घे," मी म्हणालो.

"अहो, पण तुम्हीच लिहिलंत ना ती रास्त नाही म्हणून."

"ती एका दिवसाची आहे. एक दिवस रजा मिळेल तुला?"

"एक दिवस मिळेल." तिने मनात आठवडा चाळला. "शुक्रवारी मिळेल. शिकारीला म्हटलं की इथे कोणी नाही म्हणत नाही."

"सोबती म्हणून येशील? खरंच येशील, की निघताना म्हणतात ते?"

ती हसली नाही. जिन्यातून कोणीतरी गेलं, तिने अंग चोरून वाट दिली. मग हळू आवाजात म्हणाली, "ते आठ दिवस तुम्ही माझ्यासाठी घेतले होते."

"हो," मी म्हणालो. एवढं बोलल्यावर झाकायला काही उरलं नव्हतं. "मला हरणाशी काय करायचंय? मी उभ्या जन्मात एक जनावर मारलं नाही. तुझं ते काळवीटसुद्धा उठून पळालं होतं. मला तू पाहिजे होतीस. आठ नाही तर एक दिवस."

"काळवीट पळालं ते मला माहीत आहे. आईने केव्हाच सांगितलं होतं."

तीस वर्षं सांभाळलेला शूरपणा त्या घरात माझ्यापुरताच होता तर.

"मग शिकार कशाला काढलीस?" मी विचारलं.

"नुसतं या म्हणून नऊ वर्षं बोलावतेय, आलात का?"

तिचा मुद्दा बिनतोड होता. पण कारकुनाला समोरच्याचा मुद्दा मान्य झाला, तरी आपला एक मुद्दा मांडल्याशिवाय फाईल खाली ठेवता येत नाही. मी म्हटलं, "आणि नुसता आलो असतो, तर शुक्रवारची रजा काढली असतीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो, इतका वेळ आम्ही एकमेकांकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही.

"नसती काढली, अण्णा," ती म्हणाली.

तिला लहानपणापासून खोटं जमत नाही, आणि त्याचं मी चारचौघांत नेहमी कौतुक केलेलं आहे. त्या दिवशी ती खोटं बोलली असती तर मला चाललं असतं. मग आम्ही शुक्रवार ठरवला, बंदुकीसकट.